यादीतून वगळलेलं कार्ड : आरएक्स 580 वर मुलाखती उतरवण्याच्या प्रकल्प नोंदी

8 मार्च 2025

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. माझ्या मावसभावाची बायको इतिहासात पीएच.डी. करते आहे. वहिनींकडे सोलापुरातल्या जुन्या गिरणी कामगारांच्या, विणकरांच्या आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणं साठली आहेत. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी इथे ज्यांनी पाळ्या केल्या ती माणसं आता ऐंशीच्या आगेमागे आहेत. मुलाखत ऐकून हाताने उतरवायची म्हणजे तासाभराच्या बोलण्याला अख्खा दिवस जातो. इंटरनेटवरच्या सेवेकडे आवाज पाठवला तर काम पटकन होईल, पण ते करायचं नाही. लोक संपाबद्दल, मुकादमाबद्दल, घरातल्या कर्जाबद्दल मोकळेपणाने बोलले आहेत, आणि वहिनींनी प्रत्येकाला शब्द दिला आहे की हा आवाज परक्याच्या हातात जाणार नाही. तेव्हा जे काही करायचं ते घरच्याच यंत्रावर.

घरचं यंत्र म्हणजे मीच जुळवलेला पीसी : इंटेलचा आय5-3470 प्रोसेसर, एच61 चा मदरबोर्ड, 16 जीबी डीडीआर3 रॅम, एक एसएसडी. त्यावर व्हिस्परचं, म्हणजे बोलणं ऐकून लिहून देणाऱ्या प्रोग्रॅमचं, लार्ज-व्ही3 मॉडेल चालवून पाहिलं. एका तासाच्या मुलाखतीला तीन-साडेतीन तास लागतात आणि तोवर दुसरं काही करता येत नाही. मॉडेल उत्तम आहे, प्रोसेसर अपुरा पडतो. म्हणून ग्राफिक्स कार्ड.

पुण्याहून आरएक्स 580 आणलं, 8 जीबीचं, जुनं, साडेपाच हजारांत. पूर्वी ते क्रिप्टोच्या मायनिंगला जुंपलेलं होतं. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने आपली पद्धत बदलली, त्याचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग त्या दिवशी संपलं आणि अशी कार्डं ढिगाने बाजारात आली. हेच का घेतलं? 8 जीबी मेमरी, 256 बिटची बस, सेकंदाला 256 जीबी वाहून नेण्याची क्षमता. लार्ज-व्ही3 ची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे, म्हणजे ती आरामात बसते. एवढ्या पैशांत एवढी मेमरी नव्या कार्डात मिळत नाही.

अडचण माहीत आहे. हे कार्ड एप्रिल 2017 चं, पोलारिस पिढीतलं. अशा गणिती कामासाठी एएमडीची जी प्रणाली आहे, आरओसीएम, तिच्या अधिकृत यादीतून पोलारिस केव्हाच गेलं आहे. तरी कार्डात 2304 गणनाकेंद्रं आहेत आणि ती उद्याही चालणार आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायची वाट शोधायची, एवढाच हा प्रकल्प.

संध्याकाळी नवी पेठेत एसएमपीएससाठी, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यासाठी, गेलो. जुन्या एसएमपीएसवर 450 वॅट लिहिलंय, पण कार्डाला लागणारी 8 पिनची वायर त्याला नाहीच. दुकानदार म्हणाले, "कन्व्हर्टर लावा की, शंभर रुपयांत भागतंय." नको म्हणालो. कार्ड 185 वॅटचं आहे. मदरबोर्डचा स्लॉट 75 वॅट देतो, 8 पिनची जोडणी 150. हार्ड डिस्कसाठी काढलेल्या बारीक वायरीतून एवढा प्रवाह तासन् तास ओढला तर प्लग वितळतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये खोलीच तापलेली असते, तिथे हा धोका कशाला? 550 वॅटचा, 80 प्लस ब्राँझ एसएमपीएस घेतला. कार्डाच्या जवळपास निम्मी किंमत त्यातच गेली, आणि ती योग्य गेली.

9 मार्च

कार्ड बसवण्याआधी खोललं. जुनं कार्ड घेतलं की हे करायलाच हवं, विकणारा कितीही "साफ केलंय" म्हणाला तरी.

मागच्या बाजूला चिपभोवती स्प्रिंगचे चार स्क्रू असतात. ते एकदम न काढता तिरक्या जोडीने थोडे थोडे सैल करायचे, नाहीतर चिपच्या एका कोपऱ्यावर दाब येतो. हीटसिंक सहजी सुटेना. हेअर ड्रायरची गरम हवा मागून दिली आणि हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवलं, तेव्हा निघाला. आतली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, बोट लावलं की भुकटी पडत होती. मेमरीच्या चिपांवरचे पॅड तेलकट झालेले, एक मधोमध फाटलेला. पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, पॅड मोजून त्याच जाडीचे नवे लावले. जाडी इथे फार महत्त्वाची आहे : पॅड जाड झाला तर हीटसिंक मुख्य चिपवर नीट टेकत नाही, पातळ झाला तर मेमरी थंड होत नाही.

एक पंखा हाताने फिरवल्यावर खरखरत होता. बदलायचा आहे, तात्पुरतं तेल घातलं.

कार्डात दोन बायोस आहेत, म्हणजे कार्ड सुरू करणारे आणि त्याचे वेग ठरवणारे प्रोग्रॅम. त्यांतलं कोणतं चालवायचं ते ठरवणारा एक छोटा खटका वरच्या कडेला आहे. कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढून ठेवला.

15 मार्च

कार्ड बसलं. मदरबोर्डच्या बायोसमध्ये मुख्य डिस्प्ले प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर ठेवला आहे. मॉनिटर मदरबोर्डला लावलेला, कार्डाला काहीच नाही. त्यामुळे कार्डाची सगळी 8 जीबी मेमरी कामाला मोकळी राहते.

पीसीवर लिनक्सचं उबुंटू 24.04. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, कार्ड लगेच ओळखलं, ॲमडीजीपीयू ड्रायव्हर आपोआप बसला, 8192 एमबी मेमरी दिसली. पीसीआय यादीत ओळख क्रमांक 1002:67डीएफ, रिव्हिजन ई7. हे तपासणं गरजेचं होतं. 67डीएफ हाच क्रमांक आरएक्स 570 चाही असतो, पण त्याची रिव्हिजन ईएफ. आणि "580 2048एसपी" नावाने जे कार्ड मिळतं त्याचा क्रमांक 6एफडीएफ. त्यात गणनाकेंद्रं 2048 च असतात. खोक्यावर, स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो, चिप आपली ओळख लपवत नाही. मला खरं 580 मिळालं आहे.

मग आरओसीएम. यादीत नसलं तरी लोकांनी पोलारिससाठी जुन्या आवृत्त्या दुरुस्त करून चालवल्याचं माहीत होतं. पण आमची गाडी त्याच्या बरीच आधी थांबली. कर्नलच्या नोंदींत ही ओळ :

"केएफडी : ॲमडीजीपीयू : स्किप्ड डिव्हाइस 1002:67डीएफ, पीसीआय रिजेक्ट्स ॲटॉमिक्स 730<0"

या ओळीवर आज बराच वेळ घालवला, आणि ती समजून घेतल्याचं समाधान आहे. केएफडी हा कर्नलमधला भाग गणिती कामासाठी कार्ड उघडून देतो. त्याने कार्ड पाहिलं आणि सोडून दिलं. कारण ॲटॉमिक्स. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही मेमरीतल्या एकाच जागेवरचा आकडा वाचून बदलणार असतील, तर एकाचं वाचणं-बदलणं पुरं होईपर्यंत दुसऱ्याने मध्ये यायचं नाही, अशी हमी पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेवर मिळायला हवी. कामांची रांग लावताना आरओसीएम या हमीवर विसंबून असतं. इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांत ही सोय हॅसवेलपासून, म्हणजे चौथ्या पिढीपासून आहे. माझा 3470 तिसऱ्या पिढीतला. ओळीतला 730 हा कार्डाच्या फर्मवेअरचा क्रमांक, आणि शून्याचा अर्थ असा की या पिढीसाठी ॲटॉमिक्सशिवाय चालणारं फर्मवेअर निघालेलंच नाही. नंतरच्या वेगा पिढीला ही अट नाही.

म्हणजे इथे दोन वेगवेगळ्या भिंती आहेत. यादीतून वगळणं ही माणसांनी घेतलेल्या निर्णयाची भिंत, ती मेहनतीने ओलांडता येते. ॲटॉमिक्सची भिंत तांब्या-सिलिकॉनची आहे. तिच्यावर डोकं आपटत बसायला माझ्याकडे वेळ नाही. नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम घेतली तर पार होईल, पण मग पलीकडे पहिली भिंत उभीच आहे.

आरओसीएमचा नाद सोडला.

16 मार्च

रात्री झोप लागण्याआधी एक गोष्ट डोक्यात आली : या कार्डावर खेळ चालतात. लिनक्सवर आजही नवे खेळ चालतात, आणि तेही याच 3470 सारख्या प्रोसेसरांवर. खेळ व्हल्कनमधून, म्हणजे ग्राफिक्स कार्डांसाठीच्या एका सर्वमान्य भाषेतून, कार्डाशी बोलतो आणि व्हल्कनला केएफडी लागत नाही, ॲटॉमिक्सही लागत नाहीत. शेवटी व्हल्कनमध्येही गणिती काम देता येतंच.

लिनक्सवर एएमडी कार्डांसाठीचा व्हल्कन ड्रायव्हर म्हणजे रॅडव्ही, मेसा प्रकल्पाचा भाग. 2016 मध्ये डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन यांनी तो सुरू केला. तेव्हा एएमडीचा स्वतःचा ड्रायव्हर खुला व्हायचा होता, तो डिसेंबर 2017 मध्ये झाला. ही माणसं थांबली नाहीत. त्यांनी लिहायला घेतलं, पुढे अनेकांनी हात लावला, आणि आज आठ वर्षांच्या कार्डासाठीही त्यात दुरुस्त्या येतात. मला या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो. कुठल्या कंपनीने किती वर्षं जबाबदारी घ्यायची हा तिच्या हिशेबाचा भाग असतो. इथे मात्र ज्याच्या घरात ते कार्ड आहे तोच ते चालू ठेवतो.

व्हिस्पर चालवणाऱ्या, जॉर्जी गेर्गानोव्ह यांच्या व्हिस्पर डॉट सीपीपीमध्ये व्हल्कनची सोय आहे. मी दुसऱ्या खोलीतून लॅपटॉपवरून एसएसएचने पीसीत शिरलो होतो. तिथून व्हल्कनची उपकरणं विचारली तर फक्त "एलएलव्हीएमपाइप" दिसलं. ते कार्ड नाही, प्रोसेसरवर चालणारा सॉफ्टवेअरचा पर्याय आहे. पीसीसमोर बसून तीच आज्ञा दिली तर कार्ड हजर. फरक परवानगीचा. स्क्रीनसमोर बसून लॉगिन करणाऱ्याला प्रणाली कार्डाची फाइल आपोआप उघडून देते, दुरून येणाऱ्याला देत नाही. माझं खातं "रेंडर" गटात घातलं, बाहेर पडून पुन्हा आत आलो, झालं. हे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण एलएलव्हीएमपाइपवर काम चालतं, चूक म्हणून काहीच दिसत नाही, फक्त सगळं भयंकर हळू होतं. मग माणूस कार्डालाच दोष देत बसतो.

आता यादी अशी : "एएमडी रेडिऑन आरएक्स 580 सीरीज (रॅडव्ही पोलारिस10)", शिवाय प्रोसेसरमधलं इंटेल ग्राफिक्स, ज्याच्यापुढे मेसाच इशारा देते की आयव्ही ब्रिजवरचं, म्हणजे माझ्या तिसऱ्या पिढीवरचं, व्हल्कन अपुरं आहे. व्हिस्परला कार्डच वापर असं सांगून ठेवलं.

प्रोग्रॅम स्वतः कंपाइल केला. तयार मिळणाऱ्या बऱ्याच फाइली प्रोसेसरला एव्हीएक्स2 नावाच्या सूचना येतात हे गृहीत धरून बनवलेल्या असतात आणि 3470 ला ते येत नाही. तो प्रोग्रॅम सुरू होताच पडतो.

सुरुवातीच्या ओळीत कार्डाबद्दल "एफपी16 : 0, वार्प साइझ : 64" असं आलं. म्हणजे निम्म्या अचूकतेच्या आकड्यांचं गणित हे कार्ड जलद करत नाही, सगळं 32 बिटमध्ये चालणार. नव्या कार्डांच्या तुलनेत हे मोठं उणं आहे. पण मॉडेलचे आकडे मेमरीत 16 बिटमध्येच राहतात, जागेची अडचण नाही.

लक्ष्मी-विष्णूमधल्या एका आजोबांच्या मुलाखतीतला तीस सेकंदांचा तुकडा दिला. डोळ्यांसमोर मराठी अक्षरं उमटली : "सकाळचा भोगा झाला की आम्ही चालत निघायचो". भोंग्यातला अनुस्वार गेला होता. वहिनींना फोन लावला, त्या म्हणाल्या, "भाऊजी, एवढं जरी आलं तरी माझं वर्ष वाचतंय."

22 मार्च

अख्खी मुलाखत दिली. पहिली पाच-सात मिनिटं ठीक, मग एकच वाक्य पुन्हा पुन्हा, मग निरर्थक अक्षरं, मग स्क्रीनवर "रिंग टाइमआउट", म्हणजे कार्डाने वेळेत उत्तर दिलं नाही, आणि ड्रायव्हरने कार्ड रीसेट केलं.

व्हिस्परला पुनरुक्तीची सवय आहेच. शांत जागा आली किंवा नुसता मागाचा खडखडाट असला की ते आधीचंच वाक्य घोळत बसतं. तेव्हा हा मॉडेलचा स्वभाव की कार्डाचा आजार, ते वेगळं करणं भाग होतं. त्यासाठी सोपी कसोटी आहे. मॉडेलचं टेंपरेचर (हे उष्णतेचं नव्हे, शब्द निवडताना नशिबाला किती वाव द्यायचा त्याचा आकडा) शून्य ठेवायचं, अडलं की ते वाढवून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय बंद करायची, आणि तोच तुकडा परत परत चालवायचा. यात नशिबाचा भाग उरत नाही. मॉडेल चुकत असेल तर प्रत्येक वेळी तीच चूक करेल. माझ्याकडे दर खेपेला वेगळी अक्षरं आली. तोच तुकडा प्रोसेसरवर चालवला, प्रत्येक खेपेला अक्षरन् अक्षर सारखं.

म्हणजे मेमरी. खेळात एखाद्या ठिपक्याचा रंग चुकला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मायनिंगमध्ये एखादं उत्तर चुकलं तर तेवढं टाकून पुढचं घेतात. इथे एका अक्षरावर पुढचं अक्षर उभं असतं, एक आकडा बिघडला की पुढचं सगळं वाक्य भरकटतं.

23 मार्च

मेमटेस्ट व्हल्कन नावाचं छोटं साधन आहे, ते कार्डाची मेमरी भरून, वाचून ताडून पाहतं. काही मिनिटांतच चुका दिसू लागल्या, कार्ड तापलं तशा वाढल्या.

कारणाचा अंदाज होता. मायनिंगवाले कार्डाचं बायोस बदलतात. जीडीडीआर5 मेमरीला प्रत्येक वेगासाठी वेगळी वेळापत्रकं दिलेली असतात : किती चक्रं थांबायचं, मग वाचायचं. वेग वाढला तसं हे थांबणं जास्त चक्रांचं असतं. मायनिंगसाठी 1500 किंवा 1750 मेगाहर्ट्झचं घट्ट वेळापत्रक उचलून 2000 आणि त्याच्या वरच्या वेगांना चिकटवतात. मायनिंगचा वेग वाढतो, मेमरी जेमतेम तग धरते. सोबत मुख्य चिपचा वेग उतरवतात, म्हणजे वीज वाचते. माझ्या कार्डावर हेच दिसत होतं : मेमरी 2000 च्या वर धावत होती आणि चिप मूळ 1257-1340 मेगाहर्ट्झच्या बरीच खाली अडवलेली. विंडोजचा ड्रायव्हर बायोसची सही तपासतो आणि असं बदललेलं बायोस नाकारतो. लिनक्समध्ये ती तपासणी नाही, त्यामुळे इथे ते गुपचूप चालून गेलं.

आधी चालू बायोसची प्रत डिस्कवर काढून ठेवली. मग पीसी पूर्ण बंद केला, भिंतीवरचं बटण बंद, एसएमपीएसमधली वीज उतरू दिली, आणि कडेचा तो छोटा खटका दुसऱ्या बाजूला सरकवला. दुसऱ्या बाजूचं बायोस कोणी शिवलेलं नव्हतं. मेमरी बरोबर 2000 वर, चिप 1340 पर्यंत. हा खटका नसता तर मूळ बायोस शोधून, मेमरीच्या चिपा कोणत्या बनावटीच्या आहेत ते जुळवून, पुन्हा लिहावं लागलं असतं. जुनं 580 घेणाऱ्याने दोन बायोसचंच कार्ड शोधावं असं माझं ठाम मत झालं आहे.

मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवतो आहे.

24 मार्च

एकही चूक नाही.

30 मार्च

पाडवा. गुढी उभी करून झाल्यावर कसोटीचा तुकडा पुन्हा चालवला. प्रत्येक खेपेला तीच अक्षरं, आणि प्रोसेसरवरच्या उताऱ्याशी जुळणारी. मग अख्खी मुलाखत. लार्ज-व्ही3 वर एका तासाच्या बोलण्याला सुमारे वीस मिनिटं. तीन-साडेतीन तासांवरून वीस मिनिटं.

व्हिस्परचं टर्बो मॉडेलही पाहिलं. त्यात अक्षरं लिहिणाऱ्या भागाचे 32 ऐवजी 4 च थर आहेत, त्यामुळे ते खूपच जलद. देवनागरीला त्याचा फायदा जास्त व्हायला हवा, कारण मॉडेल मजकूर छोट्या तुकड्यातुकड्यांनी लिहितं आणि आपल्या लिपीचे तुकडे इंग्रजीपेक्षा बरेच बारीक पडतात, तेवढ्याच बोलण्याला लिहायचं काम जास्त होतं. पण मराठीत टर्बो फार चुकलं. जोडाक्षरं मोडतं, म्हाताऱ्या माणसाची दम घेत बोललेली वाक्यं गाळतं. वेळ कार्ड देतं आहे, तर लार्जच ठेवायचं. भाषा मात्र मराठी म्हणून स्पष्ट सांगायची. मॉडेलवर सोडलं तर ते हिंदी समजून लिहू लागतं.

6 एप्रिल

उन्हाळा. दुपारी माझ्या खोलीत भिंतीवरचा तापमापक 40 दाखवतो. आमचं घर पूर्व भागात, भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना. दिवसभर माग चालतात आणि हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात. घरात सगळ्यांना सवय आहे, कार्डाला नाही. खोलून स्वच्छ केलेल्या हीटसिंकच्या पात्यांत पांढरा थर दिसायला लागला आहे.

कार्ड सलग चाललं की 86 अंशांवर जातं, पंखे पूर्ण वेगाने फिरतात. हे जमणार नाही. व्होल्टेज कमी करण्याचा मार्ग आहे, पण त्यात पुन्हा अस्थिरता शिरण्याचा धोका, आणि आत्ताच तर मेमरीचा भरवसा आला आहे. त्यापेक्षा विजेची मर्यादा बसवली. ड्रायव्हर त्यासाठी एक फाइल उघडी ठेवतो, आकडा मायक्रोवॅटमध्ये लिहायचा. 100 वॅटसाठी 10,00,00,000. यंत्र सुरू होताना हा आकडा आपोआप लिहिला जाईल अशी सोय केली. तापमान 74 वर स्थिरावलं. वीस मिनिटांचं काम तेवीस-चोवीस मिनिटांत होतं. अंगातली शेवटची काही टक्के ताकद काढण्यासाठी ही चिप विजेची फार उधळण करते, ती आम्हाला नको आहे.

कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा चुंबकांनी लावला. आठवड्याने काढून झटकायचा. खरखरणारा पंखाही बदलला.

काम आता रात्री दहानंतर. माग बंद असतात, हवा थोडी उतरलेली असते. प्रत्येक फाइलचा उतारा पुरा झाला की ती वेगळ्या फोल्डरमध्ये जाते, म्हणजे मध्येच वीज गेली तरी फक्त चालू फाइलच पुन्हा करावी लागते.

20 एप्रिल

यंत्र नीट चालतंय, आता मजकुराकडे लक्ष देता येतंय.

वहिनी दुपारी आल्या होत्या. उतारे समोर ठेवून आवाज ऐकत बसलो. साधं बोलणं चांगलं उतरतं. कामाचे शब्द मात्र मॉडेलच्या कानावर कधी पडलेले नाहीत. मागावर आडवा दोरा नेणारा "धोटा", त्याचा "छोटा" होतो. "कांडी भरायला बसवलं", म्हणजे कांडीवर सूत गुंडाळायला, त्याचं "गाडी भरायला बसवलं" झालं होतं, आणि ते वाक्य इतकं सरळ वाचलं जातं की आवाज न ऐकता कोणाला शंकाही येणार नाही. वहिनी म्हणाल्या, "हे धोक्याचं आहे हो. बाई सात वर्षांची असताना कांडी भरायला बसली, हे तिच्या आयुष्यातलं पहिलं काम. ते गाडी भरणं झालं तर सगळंच गेलं."

व्हिस्परला सुरुवातीला शब्दांची ओळख करून देता येते, पण जागा लिपीच्या 224 तुकड्यांची. देवनागरीचे तुकडे बारीक, त्यामुळे त्यात मोजकेच शब्द मावतात. वहिनींनी निवडले : धोटा, कांडी, ताणा, बाणा, जकार्ड, डॉबी, भोंगा, पाळी, बदली, साचेखातं. कांडी लगेच सुधारली. धोटा बहुतेक ठिकाणी सुधारला.

मोठा प्रश्न भाषांचा. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. आजी मराठीत सुरुवात करते, नवऱ्याची आठवण निघाली की तेलुगूत जाते, मध्येच कोणी आत आलं तर दख्खनीत दोन शब्द. मॉडेल तीस सेकंदांचा तुकडा घेतं आणि त्याला एकच भाषा मानतं. मराठी सांगितलेली असेल तर तेलुगू बोलणंही ओढूनताणून मराठी अक्षरांत काहीबाही लिहितं. म्हणून आता आधी एफएफएमपेग या आवाज कापण्याच्या साधनाने आवाजातल्या थांब्यांवर तुकडे पाडतो. मागाचा आवाज मागे असला की पूर्ण शांतता कुठेच सापडत नाही, म्हणून त्याची पातळी प्रत्येक मुलाखतीसाठी वेगळी ठरवावी लागते. मग प्रत्येक तुकडा मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषा धरून उतरवायचा, आणि कोणता खरा ते वहिनींनी ऐकून निवडायचं. काम दुप्पट होतं. प्रोसेसरवर हा विचारसुद्धा करता आला नसता.

4 मे

मराठी मुलाखतींचा पहिला उतारा पुरा झाला. कार्ड रोज रात्री चालतं, कर्नलच्या नोंदींत 23 मार्चनंतर एकही रीसेट नाही.

दोन गोष्टी पुढच्यासाठी. मेसा किंवा कर्नलची नवी आवृत्ती आली की ती घालायची, जुन्याला धरून बसायचं नाही, कारण याच कार्डासाठीच्या दुरुस्त्या तिथूनच येतात. पण घातल्यावर आधी भोंग्याचा तो तीस सेकंदांचा तुकडा टेंपरेचर शून्यावर चालवून जुन्या उताऱ्याशी ताडायचा, मग मुलाखती. मूळ बायोसची प्रतही काढून दोन ठिकाणी ठेवली आहे, कारण खटक्याच्या या बाजूला काही झालं तर दुसऱ्या बाजूचं बायोस उपयोगाचं नाही.

तेलुगू उतारे मला वाचता येत नाहीत, वहिनींनाही बोललेलं कळतं पण लिपी नीट येत नाही. दाजी पेठेत त्यांच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्या तपासून द्यायला तयार झाल्या आहेत. त्यांना अक्षर मोठं लागतं, म्हणून 18 पॉइंटमध्ये छापून, प्रत्येक परिच्छेदासमोर ध्वनिमुद्रणातली वेळ घालून द्यायचं आहे. पहिला गठ्ठा शुक्रवारी.